एकोणिसावी पायरी

वाल्पाराइसोत सपाट जागा फक्त समुद्राला मिळाली.
बाकी आम्ही सगळे टेकडीवर,
रंगवलेल्या पत्र्यांच्या घरांत,
एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन.

माझ्या दारापासून वरच्या रस्त्यापर्यंत
दोनशे चौदा पायऱ्या.
तेहतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली,
जहाजांची पोटं रिकामी करता करता
माझं कधी भरत गेलं, कळलं नाही.

पहिल्यांदा ठरवलं तेव्हा बावन्नचा होतो.
बूट आणले, लोखंडी डंबेल्स आणले,
भिंतीवर तक्ता लावला, लाल पेनाने चौकोन आखून.
पहाटे पाचला धापा टाकत थेट वरपर्यंत,
गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरदेव!
बाराव्या दिवशी गुडघ्यानेच लग्न मोडलं.
डंबेल्स अजून आहेत. एक दार अडवतो,
दुसरा शेजारच्या एदुविहिसने नेला,
ऑलिव्हच्या बरणीवर दाब हवा होता तिला.

मग अजून दोनदा. तीन जानेवाऱ्या, तीन तक्ते.
दर वेळी मी एक नवा माणूस आणायला निघायचो
आणि जुन्याला शिव्या घालत परतायचो.
जुना ओट्याशी उभा असायचा, गुपचूप,
माझ्याच हातांनी पाव मोडत.

गेल्या वर्षी छातीत कळ आली.
सरकारी दवाखान्यातली डॉक्टर आंतिलेफ,
माझ्या मुलीहून लहान,
कागदावर काही लिहिणार म्हणून मी चष्मा काढला.
तिने लिहिलं नाही. म्हणाली,
"लादिस्लाओ, शिट्टी वाजवत चढा.
शिट्टी तुटली की उतरा."
"एवढंच?"
"एवढंच. पण उद्याही."

शिट्टी एकोणिसाव्या पायरीवर तुटली.
तिथे भिंतीवर कुणीतरी निळा मासा रंगवलाय, अर्धाच.
रंग संपला असेल किंवा शिडी पुरली नसेल.
तेहतीस वर्षं मी या माशासमोरून
वर-खाली केलं,
त्याला शेपूट नाही हे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी वीस होत होती, केली नाही.
अंगात थोडी हाव शिल्लक ठेवून उतरलो.
जेवतानाही मग तसंच जमू लागलं,
शेवटचा तुकडा पोटात गेला काय, उद्याला राहिला काय.
रोज नाही जमत. रविवारी
मुलगी मक्याचा पुडिंगसारखा पदार्थ आणते,
त्या दिवशी मी हिशेब ठेवत नाही.

ऑगस्टात तापाने तीन आठवडे पाडलं.
उठलो तेव्हा शिट्टी अकरावीवर तुटली.
पूर्वीचा मी तिथेच तक्ता फाडला असता.
तिथे बसलो. पायरी थंड होती, जराशी ओली.
पिवळा भटका कुत्रा येऊन
माझ्या बुटाला नाक लावून बसला,
जणू अकरावीवरच भेटायचं आमचं ठरलं होतं.
खाली क्रेन फिरत होती, आता कुणी दुसरा चालवतो.
घाई करतो पोरगा. सांगेन त्याला कधीतरी.
नाहीतर नाही सांगणार.
गुडघ्याचं गुडघ्यालाच कळतं.

आज एक्काहत्तर.
एदुविहिस खिडकीतून विचारते,
"वर कधी पोचणार?"
तिच्या बरणीवरचा माझा डंबेल गंजलाय,
ऑलिव्ह मात्र झकास मुरलेत.

वरचा रस्ता कुठे जातोय?
मी शिट्टी पुन्हा सुरू करतो,
सूर जरा चुकतो,
पण श्वास पुरतो.